जीवन पाळकांचे बुधवार

जीवन भालेराव पूर्णेच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले त्याला एकवीस वर्षं झाली होती. रविवारी सकाळी पूर्णेत उपासना घ्यायची, मग मोटरसायकल काढून देवगाव फाट्याला चार घरांपुढं तोच उपदेश पुन्हा करायचा. अलीकडं दुसऱ्यांदा बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा.

मंडळीतली तरुण पोरं गळायला लागली तेव्हा पंचांची बैठक बसली. पंचांमधले थोरले तात्याराव, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, म्हणाले, "पोरांना काई तरी कार्यक्रम लागतो." मग तरुण संघ निघाला. कीबोर्ड आला, मोठा स्पीकर आला, बायबलवर प्रश्नमंजूषा झाली. पहिल्या शनिवारी चौदा जण होते, नाताळानंतर पाच. जानेवारीत भक्तीही यायची थांबली. ती नर्सिंग करत होती आणि कीबोर्ड तीच वाजवायची.

"ती शनिवारी मैत्रिणीसंगं बुद्धविहारात बसायलीय म्हणं," तात्याराव म्हणाले. "जाऊन आणा तिला."

जीवनराव गेले, पण पाय ओढत गेले. विहारात पंधरा-वीस पोरं डोळे मिटून बसली होती. भक्तीची मैत्रीण संघप्रिया दाराशी होती. तिनं त्यांना ओळखलं आणि मागं सतरंजीवर जागा करून दिली. पाच मिनिटं बसावं आणि भक्तीला बाहेर बोलवावं, असं त्यांनी ठरवलं. पण तिथं कुणी बोलत नव्हतं, आणि त्यांनी काही बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. "सर," अशी संघप्रियाची हाक आली तेव्हा त्यांना कळलं, आपल्याला झोप लागली होती.

बाहेर लिंबाखाली भक्ती चपला घालत होती.

"मला न्यायला आलात का, पास्टर?"

"पाठवलंय मला."

तिनं चपलेचा पट्टा लावला. "मी येशूला सोडलं न्हाई. वॉर्डात एक बाळंतीण माझ्यासमोर गेली. मला कुणाजवळ तरी बसून प्रार्थना करायची होती. तुमी म्हणलात, आधी शनिवारचं गाणं बसवू."

जीवनरावांना ते आठवलं. त्यांनी मान खाली घातली.

"तुमच्याशी बोलतो का देव?" तिनं विचारलं.

उत्तरं त्यांच्याजवळ पुष्कळ होती, सगळी वापरून गुळगुळीत झालेली. "लय दिवसांत न्हाई," ते म्हणाले.

भक्ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या बाईचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"शिवकन्या."

शिवकन्येच्या मागं राहिलेल्या लेकरासाठी आणि तिच्या आईसाठी दोघांनी तिथंच उभ्यानं प्रार्थना केली.

पुढच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, भक्तीला मी आणलं नाही. दर बुधवारी पाच ते सहा चर्च उघडं राहील. गाणं नाही, उपदेश नाही. ज्याला बसायचं त्यानं बसावं.

"मग पाळकाचं काम काय?" तात्यारावांनी विचारलं.

"संगं बसायचं. कुणी बोललं तर ऐकायचं."

तात्यारावांना ते पटलं नाही. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

पहिल्या बुधवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या बुधवारी भक्ती आली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सात जण व्हायचे. एक मुलगी तासभर भिंतीकडं तोंड करून रडली, त्यांनी तिला काही विचारलं नाही. जूनमध्ये भक्तीला नांदेडला नोकरी लागली आणि बाकांवर पुन्हा दोघं-तिघं उरले.

जीवनरावांचा थकवा काही गेला नाही. रविवारची धावपळ तशीच आहे, गुडघे दुखतात. बुधवारी मात्र ते बूट काढून शेवटच्या बाकावर बसतात. गेल्या आठवड्यात एक अनोळखी मुलगी आली, पोलीस भरतीत दोनदा नापास झालेली. कुठल्या धर्माची, हे त्यांनी विचारलं नाही. सहा वाजून गेले तरी ती उठली नाही, म्हणून तेही बसून राहिले.