एस्टिलचा दम

पूर्व केंटकीच्या डोंगरात माणूस धडधाकट आहे की आजारी, हे डॉक्टर ठरवत नाही, त्याचं ताट ठरवतं. दुसऱ्यांदा वाढून घेणारा ठणठणीत, आणि 'पुरे' म्हणणारा कामातून गेला. एस्टिल कॉडिल याच समजुतीत लहानाचा मोठा झाला.

उभी हयात त्यानं कोळशाच्या खाणीत काढली आणि रविवार चर्चमध्ये. त्यांच्या चर्चमध्ये पियानो नाही की पेटी नाही. एक जण उभा राहून गाण्याची ओळ एका दमात म्हणून देतो, मग सगळी मंडळी तीच ओळ संथपणे, लांबवत गातात. ओळ मिळाल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. ओळ देण्याचा मान एस्टिलचा होता; तो नसला तर ऑर्बिन देई. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको व्हर्ली वारली. शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, "माझ्या स्मरणाच्या दिवशी माझ्या गाण्याची ओळ तूच दे. ऑर्बिनवर सोपवू नकोस, तो नाकात गातो." एस्टिल हसला होता आणि त्यानं शब्द दिला होता.

पण खाणीची धूळ त्याच्या छातीत बसून घट्ट झाली होती. दवाखान्यातल्या नर्स रोंडाबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं.

"हे तिघं एका घरातले समजा. फुप्फुसं हवा आणतात, पोट जळण आणतं, आणि हृदय दोन्ही वाहून अंगभर पोचवतं. तुमची फुप्फुसं कडक झालीत. त्यांच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदय मेटाकुटीला आलंय. त्यात तुम्ही गच्च जेवलात की पोट जास्तीचं रक्त मागणार, वर फुगून खालून छातीला रेटणार. मग श्वासाला जागा कुठली राहणार?"

"मग जेवतच नाही."

"जेवला नाहीत तर श्वास ओढायला ताकद कुठून येईल? उगाच नाही वाळत चाललात. तुमचं खाणं श्वास घेण्यातच जळतंय. थोडं थोडं खा, पण पुन्हा पुन्हा खा."

इकडे आड, तिकडे विहीर. एस्टिलनं यातलं अवाक्षर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी प्रेमानंच त्याला बाकावर बसवलं असतं आणि व्हर्लीचं गाणं ऑर्बिनकडे गेलं असतं. डॉक्टरांनी दिलेलं ऑक्सिजनचं नळकांडं त्यानं ट्रकमध्ये जुन्या गोधडीखाली दडवलं.

स्मरणाच्या दिवशी त्यानं सकाळी दुधात मक्याची भाकर कुस्करून चार घास खाल्ले. आधी टेकडीवर थडग्यापाशी गाणं, मग खाली येऊन जेवण, असाच रिवाज होता, आणि त्याचा सगळा हिशोब त्यावरच होता. पण पलीकडच्या खोऱ्यातून येणारे उपदेशक वाटेत अडकले. टेकडीच्या पायथ्याशी टेबलं मांडलेलीच होती. कोणीतरी म्हणालं, अन्न गार कशाला करायचं? झालं, माणसं जेवायला बसली.

व्हर्लीची बहीण ओमा ताट घेऊन आली. कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे, घेवड्याचं कालवण, वर सफरचंदाचा केक.

"हे गोळे व्हर्लीच्या हातचेच समज," ती म्हणाली. "आणि नीट जेव. बायको गेल्यापासून नुसता सापळा झालायस. लोक मला विचारतात, मेव्हण्याला उपाशी ठेवलंय का म्हणून."

पलीकडे बसलेल्या ऑर्बिननं मान वर केली. "तब्येत बरी नसेल तर सांग हं. ओळ मी देईन."

ऑर्बिन खरंच काळजीनं बोलला असावा. पण एस्टिलला ते झोंबलं. त्यानं ताट चाटूनपुसून संपवलं आणि ओमाकडे पुढे केलं.

"आणखी वाढ."

ओमाचा चेहरा खुलला. आजूबाजूची माणसंही खूश झाली. ही गोष्ट सांगतानाही मला एस्टिलचा राग येतो. रोंडाबाईंनी एवढं फोड करून सांगितलेलं, ते त्याला पाठ होतं. पण चारचौघांत धट्टाकट्टा दिसायचं होतं, आणि त्यासाठी त्याला जेवून दाखवण्यापलीकडे दुसरं काही माहीत नव्हतं.

उपदेशक आले, मंडळी टेकडी चढू लागली. निम्म्या वाटेत एस्टिलची छाती आवळली. पोट वर येऊन बसलं होतं, श्वास गळ्याखाली उतरत नव्हता, आणि हृदय कानात धडधडत होतं. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून तो दोनदा वाकला. थडग्यापाशी पोचला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते.

सगळे टोप्या काढून उभे राहिले. एस्टिलनं व्हर्लीच्या दगडावर हात ठेवला आणि ओळ म्हणायला घेतली. पहिले दोन शब्द आले. तिसऱ्याला आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी एकच शब्द आला. मंडळी वाट पाहत राहिली. त्याला मरणाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ऑर्बिन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "देऊ का मी?"

एस्टिलनं मानेनंच हो म्हटलं. ऑर्बिननं ओळ दिली, नाकातच दिली, आणि साऱ्या टेकडीनं ती उचलली. एस्टिल गवतावर बसला, गुडघ्यांवर हात रोवून, हवा ओढत. त्याला मंडळींच्या आवाजात आवाजही मिसळता येत नव्हता.

ओमाला तेव्हा कळलं. एस्टिलनं खाली ट्रककडे बोट दाखवलं. धावत जाऊन तिनं ट्रक धुंडाळला आणि ते नळकांडं घेऊन वर आली. तिनं त्याच्या नाकाला नळी लावली.

"बोलला असतास तर मी अर्धंच वाढलं असतं रे."

"अर्ध्या ताटाच्या माणसाला... कोण ओळ देऊ देतं?"

गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "मी टेबलच मांडू देणार नाही गाण्याआधी."

एस्टिलनं दोन श्वास जमवले.

"पुढच्या वर्षी माझंही स्मरण असेल, ओमा. ऑर्बिनला सांग... माझ्यासाठीही हेच गाणं दे म्हणावं."

एरवी ओमानं त्याला फटकारलं असतं. या वेळी तिनं नुसती होकाराची मान डोलावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून गाणं संपेपर्यंत बसून राहिली.