निवडणूक पुकारली त्या दिवशी

भूकंपानंतरच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात कनिष्ठ लिपिक होते. माहेर भोकरचं. धाकटा भाऊ बारावीच्या शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहिला होता, तेव्हा अशी मुलं गर्दीनं तिथं यायला लागली होती. त्याच्याजवळ राहता यावं म्हणून मी ही नेमणूक मागून घेतली.

निवडणूक शाखेच्या अव्वल कारकुनांना सगळे चाचा म्हणत, प्रांतसाहेबसुद्धा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच तालुक्याच्या गावातलं. वडील निजामाच्या काळात कचेरीत मुन्शी होते. चाचांच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं आणि गुडघे दुखायचे.

रेडिओवर तारखा ऐकून मी ऑफिसात आले आणि निवडणूक लागली म्हणाले. चाचांनी मला समोर बसवलं. आयोगानं तारखा सांगितल्या, एवढंच झालंय, ते म्हणाले. राज्यपाल अधिसूचना काढून मतदारसंघांना सांगतात की तुमचा सदस्य निवडून द्या, तेव्हा निवडणूक खरी पुकारली जाते. आणि त्याच दिवशी आपल्याकडची जाहीर सूचना निघते, उमेदवारी अर्ज कुठं, कधी आणि कुणाकडं द्यायचा ते सांगणारी.

"राज्यपाल काही गावोगाव येत न्हाईत, बेटा. त्यांचं म्हणणं आपल्या कागदानं पोचतं," ते म्हणाले.

तो दिवस आला. सकाळीच अधिसूचनेचा फॅक्स मिळाला. मागच्या निवडणुकीचा मसुदा समोर ठेवून मी स्टेन्सिल कापलं. चाचांनी तारखा आणि वेळा तपासून सही केली, निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून प्रांतसाहेबांची सही झाली, आणि बारापर्यंत कोतवाल प्रती घेऊन गावोगाव निघाले. चाचा उर्दू प्रत हातानं लिहायला बसले. पत्त्याच्या ओळीशी त्यांचा बोरू थांबला.

अर्ज द्यायची जागा म्हणून मी जुन्या इमारतीतलं दालन लिहिलं होतं. ती इमारत भूकंपात तडे गेल्यापासून कुलपात होती. आम्ही बाजाराच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये बसत होतो. मागच्या मसुद्यातली ओळ मी जशीच्या तशी उतरवली होती.

मी म्हणाले, की तहसील कुठं बसते हे सगळ्यांना माहीत आहे.

"गावातल्यांना ठावं हाय," चाचा म्हणाले. "पण लांबच्या कुणी पहिल्यांदा फॉर्म भरायचं ठरवलं, अन् शेवटच्या दिवशी मुदतीचे तीन वाजायला दहा मिनिटं असताना तो कुलपासमोर उभा राहिला, तर? त्याला बोलावलं बी आपणच, अन् दार लावलं बी आपणच."

ते तडक प्रांतसाहेबांकडं गेले. चूक माझी आहे हे सांगायला मी मागोमाग गेले. पण मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी तपासणी आपली होती, चूकही आपली, असं सांगून टाकलं. साहेब चिडले. पेनानं खाडाखोड करून भागणार नाही का, असं त्यांनी विचारलं. चाचा शांतपणे नाही म्हणाले. नवी सूचना हवी, आणि ती आजच लागायला हवी. साहेबांनी नव्या सूचनेवर सही केली आणि जीप दिली.

दुपारभर आम्ही गावं केली. मी ओला फडका मारून जुना कागद खरवडायचा, खळ लावायची, चाचांनी नवा चिकटवायचा आणि जो कुणी समोर असेल त्याला पूर्ण वाचून दाखवायचा. प्रत्येक गावात, गुडघा धरत, एक ओळ न गाळता.

एका पडलेल्या गावची माणसं माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. ग्रामपंचायतीचा फलक लिंबाला टांगलेला. भांडी घासणारी एक बाई हात पुसत आली आणि वाचणं ऐकत उभी राहिली. संपल्यावर तिनं विचारलं, की आमचं गावच राहिलं न्हाई, मग हे आम्हाला हाय का?

"गाव यादीत हाय, माय. तुमचं नाव बी तिथंच हाय," चाचा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. चाचांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून परत वाचलं. तोवर आणखी चार-पाच बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. खळीचा डबा धरून मी त्या माणसाकडं बघत राहिले. इतकी वर्षं नोकरी करून कंटाळा कसा तो त्यांच्या आवाजात नव्हता.

दिवस मावळायच्या आत शेवटची प्रत लागली. त्या निवडणुकीत अर्ज घेऊन आलेला एकही माणूस चुकीच्या दारी गेला नाही.

पुढं वरून खुलासा मागवला गेला. चाचांनी आपल्याच नावानं तो दिला, माझं नाव कुठंही येऊ दिलं नाही, आणि निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना त्यांना ताकीद मिळाली. मी त्यांच्या घरी गेले. चूक माझी होती असं मी लिहून देते म्हणाले.

"सही माझी होती," ते म्हणाले. "तू अजून शिकायलीस."

चहा झाला. निघाले तेव्हा मी नको नको म्हणत असताना ते फाटकापर्यंत पोचवायला आले.