कोपर सरळ ठेवायचं की वाकवून

तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं आणि आता व्यायाम करून घेणारी बाई रोज सतावते, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. त्यावरून तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हाताची हकीकत तुम्हा दोघा भावंडांसाठी लिहून ठेवावी असं वाटलं. तिचा उजवा हात कोपरात वाकत नसे, एवढंच तुमच्या आईला ठाऊक आहे. क्रमाने सांगते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीच्या बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला आमचा मळा होता. वांगी, कारली, थोडी शेवंती. बाबा पहाटे भाजीची बंडी जुंपून बाजारात नेत आणि मी त्याच बंडीत बसून शहरातल्या इंग्रजी शाळेत जात असे. घरात बाबांची विधवा थोरली बहीण होती. घर तिच्या, म्हणजे आत्याच्या, शब्दावर चाले.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा माय विहिरीपाशी पडली. मोटेचं पाणी ज्या दगडी थारोळ्यात पडे त्यावर शेवाळ धरलं होतं. पाय सरकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. कोपराजवळ मोडलं. शेजारच्या गावचा हाड बसवणारा आला, त्याने बांबूच्या कामट्या लावून लेप बांधला. त्याचं काम वाईट नसावं. कामट्या सुटल्या तेव्हा हाड जुळलेलं होतं. फक्त हात आखडला होता, जसं तुझं मनगट आखडलं तसाच.

बिघडलं ते त्यानंतर. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला आलेली बाई नुसती बसून जात नाही. गेली तर मागून म्हणतात, तोंड दाखवून गेली. तिने हाताने काहीतरी करायला हवं, पाय चेपावेत, डोकं दाबावं. माय सगळ्यांची आवडती. त्यामुळे दुपार झाली की ओसरी बायकांनी भरे. आत्या जवसाचं तेल कोमट करून ठेवी आणि आलेली प्रत्येक जण मायच्या हाताला तेल चोळून तो ओढून पाही.

"थोडं सोस वं बाई. ओढल्याबिगर मोकळा होत नाई."

"लागते वं, लय लागते."

"लागू दे. रडली का नस सुटते."

कोणी वाकवायला ओढी, कोणी सरळ करायला. एकीने मनगटाला रेतीची बादली टांगून ठेवली. कोपर सुजलं, गरम झालं. मी म्हणायची, "माय, नाई म्हण ना त्याईले." ती म्हणे, "कसं म्हनू? उन्हातानातून आल्या बिचाऱ्या." हात रोज थोडा कमी हलू लागला, आणि मग कोपराच्या वरच्या मांसात दगडासारखी गाठ हाताला लागली.

तेव्हा बाबांनी तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. मला इंग्रजी येतं म्हणून मीही, आणि आत्या होतीच. डॉक्टर बंगाली होते. त्यांनी हाताचा फोटो काढवला, तो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "मालिश किसने किया?"

आत्या अभिमानाने म्हणाली, "साऱ्याईनं केली, डाक्तरसायेब. गावातलं एक घर सुटलं नाई."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. पुढचं ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. रोजच्या ओढाताणीने मांस आतून फाटत होतं आणि शरीराने तिथे नवीन हाड धरलं होतं. आता त्या हाताला कोणीही हात लावायचा नाही. सूज उतरेपर्यंत विश्रांती, मग तिने स्वतःच्या जोराने जेवढा हलेल तेवढाच हलवायचा आणि दुखायच्या आत थांबायचं. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं. बायका नाराज झाल्या. एक म्हणाली, "आता आमचा हात बाटला का?"

मायने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पण उशीर झाला होता. हात अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकला. तो तोंडापर्यंतही पोचेना आणि जमिनीपर्यंतही. डॉक्टरांनी सांगितलं की सांधा पुन्हा मोकळा होणार नाही. भूल देऊन, चाकू लावून, तो हव्या त्या कोनात आणता येईल, पण जिथे आणू तिथेच तो जन्मभर धरून राहील. चांगला वाकवून ठेवला तर ती आपल्या हाताने जेवेल, वेणी घालेल, कुंकू लावेल. सरळ ठेवला तर खुरपं, बादली, टोपली यांची कामं खांद्याच्या जोरावर करू शकेल, पण तो हात तोंडाला कधी लागणार नाही. कोणता कोन हवा ते तुम्ही ठरवून सांगा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. मी म्हटलं, "वाकलेला ठेव. दुसऱ्याच्या हातानं जन्मभर कसं जेवशीन?"

आत्या म्हणाली, "अन् वाकडा हात घेऊन निंदन कराले वावरात उलटी लटकन का?"

बाबा मायकडे वळून म्हणाले, "तुया हात हाय. तू सांग."

माय जराही अडखळली नाही. "सरळ. काम दिवसभर रायते. जेवन घडीभराचं. खाऊ घालाले मले मानसं काय कमी हायेत?"

ती हे मनापासून बोलली. महिनोन्महिने सगळं गाव तिच्या हाताला लोंबकळलं होतं, त्यातली एक बाई घास भरवायला मिळणार नाही असं तिला वाटणार कसं? डॉक्टरांनी दोनदा "सोच लो" म्हटलं. दोन्ही वेळा तिने "सरळ" म्हटलं.

शस्त्रक्रिया ठीक झाली. प्लास्टरमध्ये असतानाच तिथल्या नर्सने तिला बोटं मिटायला, उघडायला लावली, आणि प्लास्टर निघाल्यावर खांदा फिरवणं, मूठ आवळणं, कमरेतून वाकून वस्तू उचलणं शिकवलं. माय हट्टाने शिकली. पावसाळा लागला तेव्हा ती उकिडवी बसून, तो काठीसारखा हात पुढे करून निंदत होती, आणि तिची ओळ कोणाच्या मागे नसे. दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी मूठ पाहिली, खांदा पाहिला आणि खूष होऊन तिला आता यायची गरज नाही म्हणाले. जेवणाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही.

सुरुवातीला भरवायला चढाओढ होती. शेजारणी वाटीत काही ना काही घेऊन येत, "आ कर वं" म्हणत आणि हसत. पण कापूस वेचायचे दिवस आले आणि ओसरी रिकामी झाली. मग आत्या भरवू लागली. मी शाळेतून आल्यावर भरवी, पण तोवर दुपार टळलेली असे. माय भाकरी झाकून वाट पाहत बसे. एकदा आत्याच्या हातात चार कामं होती आणि माय ताटापाशी बसून होती.

आत्या म्हणाली, "आता जावळ काढाचं रायलं का तुयं?"

मायने ताट सरकवलं. "भूक नाई मले."

दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने घास उचलला. आत्या ओरडली, "डाव्या हातानं? घरात देव हायेत!" बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर माय घरात जेवली नाही. कारल्याच्या मांडवाआड, तोंड कुंपणाकडे करून, ती डाव्या हाताने भाकरी आणि कांदा खाई. वरण-भात सोडला, कालवावं लागेल असं सगळंच सोडलं. लग्नाकार्याचं आमंत्रण आलं की कामाला सगळ्यात आधी जाई आणि पंगत बसायच्या वेळी निघून येई. माझ्या लग्नातही तिने असंच केलं.

लग्नानंतर मी अकोल्याला आले. तुमचे आजोबा शाळेत शिकवत. माय एकदाच, चार दिवस राहायचं म्हणून, आमच्याकडे आली. मी वरण-भात केला, वर तूप घातलं आणि ताटात चमचा ठेवला. तुमच्या आजोबांनी भीड मोडावी म्हणून म्हटलं, "सासूबाई, डाव्या हाताने चमचा धरा. साहेबलोक काय, दोन्ही हातांनी जेवतात."

ती हसली. "सायेबलोकाईचं बरं हाय जावईबापू. त्याईचा देव चालवून घेते." आणि गाडीतच खाल्लंय म्हणून उठली.

ते शाळेत गेल्यावर मी दार लोटून तिला भरवायला बसले. तिने तोंड उघडलं. वरण-भात तिने किती वर्षांनी खाल्ला असेल कोण जाणे. पण नजर दाराकडेच होती, आणि बाहेर जरा पावलं वाजली की घास तसाच तोंडात धरून थांबे. चार-पाच घासांनंतर म्हणाली, "पुरे वं. तुये कामं पडले असतीन."

"काही कामं नाहीत मला, माय."

"असते. बाईले असतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाते म्हणाली. मळ्यात वांगी तोडायला आली होती म्हणे. मी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी भाकरी आणि कोरडं पिठलं फडक्यात बांधून दिलं, डाव्या हाताने खाता येईल असं. स्टेशनवर तिला गाडीत बसवलं. डबा माणसांनी भरलेला होता, समोरच्या बाकावर बायका डबे सोडून जेवायला लागल्या होत्या आणि तिलाही या म्हणत होत्या. मायने पुडकं मांडीवर ठेवून त्यावर पदर ओढला. बडनेऱ्याला उतरेपर्यंत आणि तिथून मळ्यात पोचेपर्यंत ते सुटणार नव्हतं, हे मला फलाटावरच कळलं.