दोन डबे आणि मधली बाई

दादाचा हात आधी सुटायचा, तोंड नंतर. माझ्या थोरल्या भावाबद्दल एवढं वाक्य सांगितलं तरी आमच्या जुन्या येरवड्यातली माणसं ओळखतील. कारखान्यात फोरमनला बडवून झालं होतं, रेशनच्या रांगेत घुसणाऱ्याला झालं होतं, मला तर लहानपणापासून रोजचंच होतं. वहिनीवर मात्र त्याने एकदाच हात उचलला. तिने तव्याने असं उत्तर दिलं, की पुन्हा उचलला नाही.

असा हा माणूस गाण्यापुढे गरीब गाय व्हायचा. कोरेगाव पार्कातला एक बंगला रिकामा होत होता, तिथून आम्ही दोघांनी मिळून स्पीकरची जोडी घेतली. कमरेएवढे उंच सागवानी डबे, पुढे तपकिरी जाळीचं कापड. हातगाडीवर घालून आणले. पुलावर एका टवाळाने त्या कापडात बोट खुपसलं. दादाने त्याचं बोट मागे वाकवलं. तो गुडघ्यावर आला तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "डोळ्यात कुणी बोट घालतं का?" आणि गाडी ढकलायला लागला.

आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत ते डबे लागले. एक खिडकीकडे, एक दाराकडे. मधे भिंत रिकामी. वहिनीने तिथे पाण्याचा माठ ठेवला, तर दादाने लाथेने उडवला. घरभर पाणी आणि खापऱ्या. म्हणाला, "तिथे बाई बसते." आम्हाला वाटलं डोकं फिरलं. मग त्याने तबकडी लावली आणि मला मानगुटीला धरून समोर फरशीवर बसवलं. तबला दाराकडून येत होता, व्हायोलिनं खिडकीकडून, आणि गाणारी बाई दोन्ही डब्यांत नव्हतीच. ती मधे होती, त्या रिकाम्या भिंतीपाशी. श्वास घेतलेला कळायचा. मी चौथी शिकलेला माणूस, मला यातलं शास्त्र सांगता येणार नाही. पण बाई तिथे बसायची, हे मी शपथेवर सांगतो.

त्या जागेसाठी दादाने किती जणांशी वैर घेतलं. चुलत्याच्या जावयाने तिथे चपला काढल्या, तर त्या गटारात गेल्या आणि मागोमाग जावई. गल्लीतल्या मंडळाने आमच्या दारासमोर भोंग्यांची भिंत उभी केली, तेव्हा दादा पक्कड घेऊन गेला आणि वायर तोडून आला. मागून पोरं आली. मी आणि दादा दारात उभे राहिलो. माझ्या हातात खुर्चीचा पाय होता, त्याच्या हातात काही नव्हतं, त्याला गरजही नसायची. दोघा पोरांना त्याने एकमेकांवर आपटलं. त्याचं डोकं फुटलं, रक्त भुवईवरून हनुवटीपर्यंत आलं. वहिनी हळद घेऊन आली, तर म्हणाला, आधी तबकडीची दुसरी बाजू लाव, मग काय चोपडायचं ते चोपड.

आई गेली आणि वाटणी निघाली. मी कर्वेनगरला जागा बघितली होती. मामा पंच म्हणून बसला. आमच्यात वाटणी म्हणजे तंतोतंत. तुला एक घागर, मला एक घागर. तुला एक खाट, मला एक खाट. तबकड्यासुद्धा निम्म्या-निम्म्या. मामा डब्यांपाशी आला आणि खूश झाला. म्हणाला, "दोन डबे, दोन भाऊ. देवानेच वाटून ठेवलेत."

दादा म्हणाला, "मामा, ते दोन नाहीत. ते एक आहे."

मामाने पुन्हा मोजून दाखवले. दादाने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दोन्ही तू ने. जोडी फोडू नको."

मी म्हटलं, मला भीक नको. माझा एक मला पुरे.

त्यानंतर जे झालं ते मारामारी म्हणण्याच्या पलीकडचं होतं. त्याने माझं तोंड दाराच्या चौकटीवर घातलं. पुढचे दोन दात तिथेच पडले. मी त्याच्या दंडाला चावलो, मांस सुटेपर्यंत. मामा मधे पडला, तर त्याचा खांदा निखळला. आमच्या बायका रडत नव्हत्या, त्या आम्हाला झाडूने मारत होत्या. शेवटी मी रक्त थुंकत माझा डबा पाठीवर घेतला आणि निघालो. दादा मागून ओरडला, "ऐक आता अर्धी बाई!"

खरं होतं ते. मी दुसरा अॅम्प्लिफायर आणला, तबकडी लावली. तबला ठणठणीत आणि बाई कोपऱ्यातून, अंग चोरून गायल्यासारखी. माझी बायको म्हणाली, "हिला काय झालं, आजारी आहे का?" तिकडे दादाकडे व्हायोलिनं होती आणि तबला नव्हता. वहिनी लपूनछपून फोन करायची, तेव्हा सांगायची, की हे तासभर ऐकतात आणि मग कशाला तरी मारतात. दार, भिंत, जे असेल ते. त्याचा मुलगा विजू खराडीला कंपनीत लागला. त्याने वडिलांसाठी लाडूएवढा गोल स्पीकर आणला. दादाने थोडं ऐकलं, म्हणाला, यात गाणं वाजतं, बाई येत नाही, आणि तो खिडकीतून रस्त्यावर फेकला. खाली एका स्कूटरची काच गेली.

वर्षं गेली. तो आला नाही, मीही गेलो नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, मला भाऊ होता.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताने ताटं फेकायचा, नर्सला ओरबाडायचा. वहिनीने या वेळी उघड फोन केला. "भाऊजी, तो डबा घेऊन या. जेवत नाहीत. भिंतीकडे बोट दाखवतात आणि शिव्या द्यायला बघतात, शिवीही येत नाही."

मी लगेच धावलो असं लिहिणार नाही. दोन दिवस बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी टेम्पो केला.

मी दारात दिसलो तसा त्याने स्टीलचा पेला फेकून मारला. कपाळावर बसला. विजूने आणि मी डबा दाराकडच्या जागी ठेवला, वायरी जोडल्या, तबकडी लावली. मी खाटेपाशी टेकलो तर दादाने डाव्या हाताने माझी कॉलर धरली. गळा आवळला जात होता, डोळ्यांपुढे अंधारी आली, विजू सोडवायला धावला, मी त्याला लांब केलं. तबला सुरू झाला. मग बाई आली. दादाचं तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती. त्यातून एकच शब्द निघाला.

"बसली."

बाजू संपेपर्यंत त्याने कॉलर सोडली नाही. मग वहिनीने पेज भरवली, ती खाल्ली. डबा मी तिथेच ठेवला आणि पुढे रोज जात राहिलो. रोज काहीतरी फेकून मारायचा. पावसाळा संपताना एका दुपारी मी गेलो तर त्याने काही फेकलं नाही. संध्याकाळी गेला.

तेराव्यानंतर विजू वहिनीला खराडीला न्यायला आला. टेम्पो उभा होता. पोरगं शहाणं, मला म्हणालं, "काका, तुमचा स्पीकर तुम्ही घेऊन जा, बाबांचा मी ठेवतो. फेअर आहे ना?"

माझी काठी त्याच्या नडगीवर बसली. पोर खालीच बसलं. मी म्हटलं, "एक नेलास तर दुसराही पाय मोडीन. दोन्ही ने."

तो नडगी चोळत माझ्याकडे बघत राहिला. वहिनी म्हणाली, "ऊठ. उचल."

दोन्ही गेले. मी आता रविवारी खराडीला जातो. बस बदलावी लागते, गुडघे दुखतात. बाराव्या मजल्यावर भिंत मोठी आहे, बाई ऐसपैस बसते. मागच्या खेपेला विजूने विचारलं, काका, तुमचं आणि बाबांचं नक्की चुकलं कुणाचं?

मी म्हटलं, तुझ्या बापाचं.

तो म्हणाला, "बाबा म्हणायचे, तुमचं."

म्हटलं, म्हणणारच तो. आवाज वाढव.