सासऱ्यांची जपानी गाडी

आमच्या गाडीचे गियर गोल फिरायचे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि चौथ्यानंतर पाय आणखी एकदा दाबला की न्यूट्रल, त्याच्यापुढे परत पहिला. इतर मोटारसायकलींना चौथ्यापुढे काही नसतं, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही. आमच्या गाडीवर चुकलं की काय होईल ते सांगता येत नसे.

गाडी जपानची, साठच्या दशकातली. सव्वाशे सीसी, पण सिलिंडर दोन. ग्वाल्हेर शहराबाहेरच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनियरने ती स्वतःसाठी बोटीतून आणली होती आणि परत जाताना माझ्या सासऱ्यांना विकली. त्याला हिंदी येत नव्हतं, सासऱ्यांना जपानी. गाडी कशी चालवायची ते त्याने अंगणात खडूने गोल काढून समजावलं म्हणे. "मला तेव्हाही पूर्ण नव्हतं समजलं," सासरे सांगायचे, "पण चालवत गेलो."

त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. त्यांनी ती तीसेक वर्षं चालवली, मग माझ्या नवऱ्याने. नया बाजारातल्या घरातून ऑफिसला, भाजीला, लग्नाकार्याला, सगळीकडे तीच. मी मागे बसायची. मी ती कधी चालवीन असं कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

दोन हजार साली राज्याचे दोन तुकडे झाले. ग्वाल्हेर जिथे होतं तिथेच राहिलं, मध्य प्रदेशात. पण नवरा पाटबंधारे खात्यात सब-इंजिनियर होता, आणि सरकारी माणसांचीही वाटणी होणार होती. कुणाला छत्तीसगडला पाठवायचं, कुणाला ठेवायचं, याबद्दल रोज नवीन बातमी. सकाळी कुणीतरी सांगे, सीनियर लोकांना हात लावणार नाहीत. संध्याकाळी दुसरा सांगे, सीनियर लोकांनाच पाठवणार. मी मुरारच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. वर्गातल्या भिंतीवर जुन्या राज्याचाच नकाशा होता आणि मुलं विचारायची, "मॅडम, बस्तर अपना है कि नहीं?" मी म्हणायची, पेन्सिलने लिहा.

एक दिवस नवरा दुपारीच घरी आला आणि बूट न काढता खुर्चीत बसला.

"बिलासपूर," तो म्हणाला.

"म्हणजे कायमचं?"

"ते कुणालाच माहीत नाही. सध्या जा म्हणतात. मग बघू म्हणतात."

"कोण बघणार?"

"अगं, तेच तर कळत नाही ना!"

बाबा आतून काठी टेकत आले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझे वडील रियासतीच्या फौजेत होते. मधेच ती फौज भारताच्या फौजेत गेली. ते घरी आले तेव्हा विचारत होते, मी नक्की कुठून रिटायर झालो?" मग म्हणाले, "मलाही भोपाळ झालं होतंच की."

भोपाळ राजधानी झाली तेव्हा बाबांचं ऑफिस तिकडे हललं, आणि ते पुष्कळ वर्षं एकटे तिथे राहिले, हे मला ऐकून माहीत होतं. त्या काळाबद्दल ते कधी बोलत नसत. आता आमची मुलगी दहावीला होती, माझी नोकरी होती, बाबांचे डोळे होते. नवरा एक ट्रंक आणि एक होल्डॉल घेऊन एकटाच गेला.

तो गेल्यावर मी मुरारला टेम्पोने जाऊ लागले. टेम्पोवाला भरल्याशिवाय निघत नसे आणि भरला की मला बसायला जागा नसे. रोज उशीर. एका रविवारी बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. गाडीवरची चादर काढून ठेवली होती.

"चल, मेळ्याच्या मैदानात जाऊ."

"कशाला?"

"तुला शिकायची आहे ना."

मला शिकायची आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण बाबांनी माझ्याशी इतक्या वर्षांत चहा, औषध आणि वर्तमानपत्र याशिवाय फार काही बोलणं केलेलं नव्हतं, त्यामुळे मी गोंधळले आणि पदर खोचून गाडी ढकलत निघाले. मुलगी दारातून ओरडली, "आई, सीरियसली? साडी में?" दुसऱ्या दिवसापासून सलवार-कुर्ता.

मेळा थंडीत भरतो. तेव्हा मैदान रिकामं होतं, बंद दुकानांच्या रांगा आणि गाई. बाबा मधोमध काठी रोवून उभे राहायचे आणि मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारायची.

"आता कुठल्या गियरमध्ये आहेस?"

"माहीत नाही!"

"मलाही नाही कळलं. क्लच दाब आणि थांब."

देखभालही माझ्याकडे आली. बाबांना बारीक काम दिसत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि मी करायची. नई सडकवरच्या मिस्त्रीने पूर्वीच हात जोडले होते: "बाबूजी, ये मोटरसाइकिल नहीं, घड़ी है." तेव्हा प्लग काढून काजळी खरवडणं, कार्ब्युरेटर उघडून रॉकेलमध्ये बुडवणं, साखळीला तेल, सगळं ओसरीवर. सगळ्यात कठीण काम पॉइंटचं. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं की आत दोन छोट्या पत्र्यांच्या टोकांमध्ये फट असते. ती बरोबर असली तर ठिणगी पडते, नाहीतर गाडी खोकते.

"फटीतून पोस्टकार्ड सरकलं पाहिजे, पण अडखळत," बाबा म्हणाले.

"अडखळत म्हणजे किती?"

"म्हणजे अडखळत."

मी पोस्टकार्ड सरकवायची, स्क्रू फिरवायची, परत सरकवायची. कधी पहिल्या किकला सुरू व्हायची, कधी तेच सगळं तसंच करून अजिबात नाही. माझं काय बरोबर होतं आणि काय चुकत होतं, ते मला कधीच धड कळलं नाही.

एकदा पॉइंट घासताना मी गेलेल्या सासूबाईंबद्दल विचारलं, "बाबा, तुम्ही भोपाळला होतात तेव्हा आई कशा जायच्या सगळीकडे? बँक, दवाखाना?"

"पायी," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "ती साइकिल मागत होती." आणि उठून आत गेले.  

एकटी गाडी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले ती सराफ्यात पडले. बाड्याच्या चौकातून चौथ्या गियरमध्ये निघाले होते, समोर हातगाडी आली, आणि घाबरून पाय दोनदा दाबला गेला. पहिल्यांदा न्यूट्रल, इंजिन किंचाळलं. दुसऱ्यांदा पहिला, मागचं चाक जागेवर अडकलं आणि मी गाडीसकट एका सोनाराच्या पायरीला लागले. तळहात सोलला, कुर्ता फाटला. लोक जमले. एक म्हातारे गृहस्थ गाडी उचलता उचलता म्हणाले, "ये तो उन मराठे बाबूजी की है. आपने चुराई तो नहीं?" मी म्हटलं, "बहू हूँ." त्यावर सगळे गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागले. मी किक मारली आणि ती सुरू झाली. गाडी न्यूट्रलमध्ये होती हा निव्वळ योगायोग.

त्यानंतर मात्र मी रोज मुरारला गाडीने जाऊ लागले. पडावाचा पूल, मग ठाठीपूर, मग मुरार. शाळेच्या फाटकाशी मुली उभ्या राहून बघायच्या. मुख्याध्यापिकांनी एकदा बोलावून विचारलं, "घर में सब ठीक है ना?" पण ठीक आहे की नाही तेच ठरत नव्हतं. बिलासपूरहून नवऱ्याचा फोन यायचा. एका आठवड्यात म्हणायचा, परत पाठवणार. पुढच्या आठवड्यात म्हणायचा, इथे घर बघू का? मी "बघा" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर काय बघायला सांगितलं याचा विचार करत बसायची.

पुढच्या वर्षी दिवाळीला तो आला. वाळला होता. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "साइटवर बस जात नाही. मी गाडी घेऊन जातो म्हणतो. पार्सलने चढवता येते."

मी पोळी वाढत होते. "न्या की," मी म्हटलं. लगेच म्हटलं. आणि त्याच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

"बाबा, तुमचं काय म्हणणं?" त्याने विचारलं.

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "मी चालवतो का आता? जे चालवतात त्यांनी ठरवावं."

पण चालवणारे आम्ही दोघं होतो. कुणीच पुढे काही बोललं नाही, आणि न बोलल्यामुळे ठरल्यासारखंच झालं. त्याच्या जायच्या दिवशी मी गाडी चालवत स्टेशनला नेली आणि तो ट्रंक घेऊन रिक्शाने आला. पार्सलच्या खिडकीवर टाकीतलं पेट्रोल काढायला सांगितलं, ते काढून मी बाटलीत भरलं. हँडलला आणि टाकीला गोणपाट गुंडाळलं. मग तिथल्या बाबूने कागद पाहिले.

"गाडी दुसऱ्या प्रांतात चालली, तर परिवहनवाल्यांची एनओसी पाहिजे," असं तो हिंदीत म्हणाला.

"अहो, कालपर्यंत एकच प्रांत होता," नवरा म्हणाला.

"कल तक था," बाबू शांतपणे म्हणाला. "आप वहाँ परमानेंट हैं?"

"मालूम नहीं."

"तो गाड़ी परमानेंट जाएगी या लौटेगी?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. बाबू बिचारा आत साहेबांना विचारून आला. मग म्हणाला की नवीन राज्याचं त्यांनाही नक्की ठाऊक नाही, तुमच्या जबाबदारीवर चढवायची तर चढवतो. आगगाडी फलाटावर लागली होती. हमालाने आमच्या मोटारसायकलचं हँडल धरलं.

"चढ़ा दूँ?"

"चढवा," मी म्हटलं.  नवरा डब्याच्या पायरीवर उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मग शिट्टी झाली आणि तो ओरडला, "राहू दे! भैया, रहने दो!"

"अहो, पण साइटवर कसे जाल?"

त्याने हात हलवला. त्याचा अर्थ "बघेन" होता, "जाऊ दे" होता की नुसताच निरोप, ते मला कळलं नाही. आगगाडी निघून गेली. मी गोणपाट सोडलं, बाटलीतलं पेट्रोल परत टाकीत ओतलं आणि स्टेशनबाहेर येऊन किक मारत राहिले. ती सुरू झाली तेव्हा मला रडू येत होतं. आनंदाने की वाईट वाटून, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं होतं.

बाबांनी गाडी परत आलेली ऐकली. ऐकलीच म्हणायला हवं, धड दिसत कुठे होतं. ओसरीवरून फक्त म्हणाले, "क्लच ओढून राहिलाय. केबल बघ."

नवऱ्याचं नाव अखेर छत्तीसगडच्याच वाट्याला आलं. ते पक्कं व्हायला इतका काळ गेला की तोपर्यंत मुलगी कॉलेज संपवून बाहेरगावी गेली होती आणि बाबा राहिले नव्हते. मग मी बिलासपूरला जाऊ शकले असते. दोनदा तिथल्या शाळांची चौकशीही केली. दोन्ही वेळा गेले नाही. शाळेमुळे, घरामुळे, की रोज सकाळी मुरारच्या रस्त्यावर मला जे वाटायचं त्यामुळे, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. त्याने कधी "ये" असं म्हटलं नाही. मी कधी "येऊ का" असं विचारलं नाही. सुट्ट्यांमध्ये तो यायचा, आणि आम्ही पाहुण्यांसारखे एकमेकांना आधी चहा विचारायचो.

तो रिटायर होऊन परत आला त्याला आता काही वर्षं झाली. त्याने स्वतःसाठी एक स्कूटी घेतली आहे, सेल्फ-स्टार्टची. जपानी गाडी मागितली नाही. मागेल असं मला वाटलं होतं, आणि मी द्यायची तयारीही केली होती. मागच्या हिवाळ्यात त्याचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, तेव्हा कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी रिक्शा बोलावते म्हटलं.

"कशाला रिक्शा," तो म्हणाला, आणि गाडीच्या मागच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकली.

तो मागे बसला.  दवाखान्याशी उतरल्यावर म्हणाला, "चांगली चालवतेस."

"तुम्हाला राग नाही ना आला?" मी विचारलं. गाडी माझ्याकडे राहिली आणि मी बिलासपूरला आले नाही, त्याचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"कशाचा?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काही कळत नसल्यासारखं होतं. मग नंबर पुकारला, आणि तो आत गेला.