समुद्राची तिरपी रेघ

धाकट्या जावेने जहाजावरून समुद्र रंगवून आणला आणि माझं पोट दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू! तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, मालवाहू जहाजावर इंजिनियर. एका सफरीत त्याने तिलाही नेलं. सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवते मी, आणि समुद्र बघून आली ही पांढुर्ण्याची पोरगी! तिला ब्रश धरायला मीच शिकवलं होतं.

दिवाळीत ती चित्र देऊन गेली. बैठकीत माझं संत्र्याच्या बागेचं चित्र होतं, ते काढून सासूबाईंनी तिथे लाटा टांगल्या. "बाग तं रोजच दिसते, बाई," म्हणाल्या. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! माझी बाग कपाटामागे गेली. ती भिंत मला परत हवी होती.

मग सासऱ्यांच्या लक्षात आलं, चित्रातलं पाणी एका बाजूला कललंय. जन्मभर संत्र्याच्या आळ्यांत पाणी सोडलेला माणूस तो. "पाणी कधी तिरपं राहते काय? चुकली पोरगी!" म्हणत त्यांनी चौकटच तिरपी केली, पाणी सरळ दिसेपर्यंत. येईल त्याला ते हेच सांगत. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यात एक दिवस ते म्हणाले, "तुयंच लाव ना परत."

चित्र उतरवायला मीच स्टुलावर चढले. इतक्या जवळून पाहिलं आणि हात थांबला. बाप्पा! चूक नव्हतीच. खालच्या कडेला जहाजाच्या कठड्याची बारीक रेघ, ती चौकटीला अगदी समांतर. जहाज एका अंगावर झुकलेलं, पायाखालचा डेक कललेला, अंगावर लाटा येताहेत, आणि हिने जसं दिसलं तसं उतरवलं. शाळेत मी पोरांना पट्टी लावून समुद्राची रेघ मारायला शिकवते. मी गेले असते तर तिथेही पट्टीच काढली असती. एवढी आग कधी झाली नव्हती अंगाची.

गप्प राहिले असते तर भिंत माझी होती. मी चौकट सरळ केली. पाणी पुन्हा कललं.

"वाकडं कायले करून राहिली, सूनबाई?"

"पाणी बरोबरच आहे, बाबा. जहाज कललं होतं."

सासऱ्यांनी मान तिरपी करून चित्र पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हो ना! पण तुले कसं समजलं? तू तं गेलीच नव्हती."

"नव्हते ना गेले," मी म्हटलं.