थांबा रे, चप्पल राहिली

सुमनचा फोन आला तेव्हा गिरणीत दळणाची गर्दी होती. पट्ट्याच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून मी मोठ्यानं विचारलं, "कोण गेलं? दत्ता भाऊजी?" आणि रांगेतल्या बाया हसल्या. एक जण म्हणाली, "चप्पल राहिली म्हणतील अन् येतील माघारी." त्यांचा दोष नाही. दत्तराव गेले, हा आमच्या भागात कित्येक वर्षं विनोदच होता. मी गिरणी बंद केली. दत्तराव माझे धाकटे दीर, सुमन त्यांची बायको. आखाडा बाळापूरहून शिरड शहापूरला पोचेपर्यंत मला एकच धास्ती होती, मी जायच्या आधी त्यांना उचलू नये.

ही धास्ती कळायला तो सिनेमा माहीत असायला हवा. नाव 'कावळ्याची खबर'. आमच्याकडे माणसाला कावळा शिवला तर नातेवाइकांकडे तो माणूस मेल्याची खोटी खबर धाडतात. ते रडले की खरं काय ते सांगायचं. मरण टळतं म्हणतात. सिनेमात खबर जाते, पण परत घ्यायला उशीर होतो. पाहुणे ट्रॅक्टर भरून येतात, तिरडी बांधून होते, आणि एवढ्या लोकांची तकलीफ वाया जाऊ नये म्हणून तो भिडस्त माणूस मुकाट्यानं तिरडीवर आडवा होतो. वाटेत विसाव्याला, म्हणजे खांदेकरी बदलतात त्या जागी, तिरडी खाली ठेवतात. तिथं तो उठून बसतो आणि म्हणतो, "थांबा रे, चप्पल राहिली."

सिनेमावाले बाहेरगावचे होते. जित्यापणी तिरडीवर झोपायला त्यांचा कोणी नट तयार होईना. भाऊजी हळद शिजवायचं काम टाकून शूटिंग बघायला गेले होते, ते झोपले, आणि सिनेमातला तो माणूस तेच झाले. सासूबाईंनी पुढं बरेच दिवस त्यांना चुलीपाशी येऊ दिलं नाही. हिंगोलीच्या टॉकीजला सिनेमा लागला तेव्हा लोक अर्ध्यातून उठून गेले. मयतीवर हसतं का कोणी, म्हणाले. भाऊजी तोंडाला रुमाल बांधून बाहेर पडले, आणि सगळ्यांनीच तो सिनेमा विसरून टाकला.

मग बाजारात मोबाइलमध्ये गाणी भरून देणारे आले. त्यातल्या कोणीतरी तो विसाव्याचा तुकडा गाण्यांबरोबर फुकट भरून द्यायला सुरुवात केली. तिथून तो गावोगाव फिरला. गणपतीत पडदा बांधून अख्खा सिनेमा दाखवायला लागले. लोक भाऊजींच्या आधी भाऊजींचं वाक्य म्हणायचे. लग्नात वऱ्हाड निघालं की म्हणायचे, एसटी सुटताना म्हणायचे. पुण्याकडची कॉलेजची मुलं गाडी करून यायची, भाऊजींना विसाव्याच्या दगडापाशी झोपायला लावायची आणि फोटो काढायची. भाऊजी झोपायचे. भिडस्त तेही होतेच. टाळेबंदीत तर घरोघरी हाच सिनेमा चालू होता. बाहेर माणसं मरत होती, खांद्याला चौघं मिळत नव्हते, आणि घरात सगळे तिरडीवरून उठणाऱ्या माणसाला बघून हसत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. लोक घाबरलेले होते. ज्याला बघून ते हसत होते तोही घाबरलेला आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या आलं, कारण भाऊजींनी स्वतःच सांगितलं. टाळेबंदी उठल्यावर ते एकदा गिरणीत आले, हळदीच्या पोत्यासारखे भिंतीला टेकून बसले.

"वहिनी, तुमी तो पिक्चर पाहून कधी हसल्या न्हाई. काहून?"

"मला मयतीत हसू येत नाही."

"म्हणून तर तुमाला सांगून राहिलो. मी खरंच गेलो तर तुमी बघा. बराबर बघा. बाकीचे हसत हसत नेतील अन् जाळून येतील."

"डॉक्टर कशाला असतो?"

"डॉक्टरनं बी पिक्चर पाहेल हाय."

मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, शूटिंगला डोळे मिटून पडलो तेव्हा वरून सगळे हसण्याचा आवाज येत होता, आणि एकदा मी खरंच थांबा म्हणालो तरी कोणी थांबलं नाही... तेव्हापासून झोपेत तेच ऐकू येतं. मी म्हटलं, "बघीन. आता चहा प्या."

मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत, सुमन सांगत होती. सगळं आटोपत आलं होतं. मी कोणाला न विचारता नाकापाशी हात धरला, छातीला कान लावला, सुमनच्या टिकलीचा आरसा आणून तोंडापुढे धरला. श्वास जाणवला तर काय करायचं, आणि नाही जाणवला तर काय... मला दोन्हीचं भ्या वाटत होतं. आरसा कोरडा राहिला.

बाया मागे थांबतात. मी थांबले नाही, आरसा मुठीत घेऊन विसाव्यापर्यंत गेले. तिरडी खाली ठेवली, आणि मग कोणी काही करेना. त्या वाटेवरच्या प्रत्येकाला तो सिनेमा पाठ होता, पुढं काय होतं ते प्रत्येकाला माहीत होतं. सगळे त्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. वारा सुटला आणि चादरीचं टोक हललं तसे पुढचे दोघं मागं सरकले. भाऊजींचे शेजारी नामदेव, गणपतीत सगळ्यात मोठ्यानं ते वाक्य म्हणणारे, खाली वाकून हळूच म्हणाले, "दत्तराव, उठता का?"

कोणी हसलं नाही. नामदेव माझ्याकडे वळले. "वहिनी, आणखी एक बार बघा. तुमी म्हणल्याबिगर आमी उचलत न्हाई."

म्हणजे ती भीती एकट्या भाऊजींची नव्हती. मी परत खाली बसले. परत आरसा धरला. या वेळी घाई केली नाही, चांगला वेळ धरून ठेवला. डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं. आरशात मला फक्त त्यांच्या कपाळावरचा बुक्का दिसत होता.

"चला," मी म्हटलं.

आता काही आठवडे झाले. कपडे, छत्री, अंथरूण सगळं ज्याला द्यायचं त्याला देऊन टाकलं. चपला मात्र दाराशी तशाच आहेत. सुमन हात लावत नाही, घ्यायलाही कोणी तयार होत नाही. मी तिच्याकडे गेले की अंगण झाडते. चपला उचलून बाजूला करते, खालची माती झाडते, आणि परत जागेवर ठेवते. ठेवताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करते. घराकडे, माणूस घरात आल्यासारखी, करून ठेवायची अजून माझी हिंमत झालेली नाही.